पुण्याहून एका दिवसात रेवदंडा, चौल आणि कोर्लई: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रेवदंड्यात एक दिवस घालवावा असं नेमकं आहे काय?

कुंडलिका नदी जिथे समुद्राला मिळते, तिथे उत्तरेच्या काठावर रेवदंडा आहे आणि दक्षिणेच्या काठावर कोर्लईचा डोंगर. मध्ये खाडीचं तोंड. दोन्ही बाजूंना किल्ले आहेत, कारण खाडीत शिरणारं प्रत्येक गलबत या दोन काठांच्या मधूनच जायचं. रेवदंड्याला लागूनच चौल आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक लेखनात ‘सेमुल्ला’ आणि अरब प्रवाशांच्या लेखनात ‘सैमूर’ म्हणून येतं ते हेच बंदर. एवढं सगळं आठ-दहा किलोमीटरच्या टापूत आहे. बहुतेक लोक अलिबागहून काशिदला जाताना या गावातून नुसते गाडीने पुढे निघून जातात. रस्ता किल्ल्याच्या तटातून जातो, तरी तट आला कधी आणि गेला कधी हे कळतही नाही. इथे उतरून पाहायला हवं.

पुण्याहून कोणत्या रस्त्याने जावं?

दोन रस्ते आहेत. दोन्हींनी अंतर साधारण १५० ते १६५ किलोमीटर पडतं आणि एक चहा धरून चार ते साडेचार तास लागतात.

पहिला रस्ता ताम्हिणीचा: चांदणी चौक, पिरंगुट, पौड, मुळशी, ताम्हिणी घाट, विळे. विळ्याच्या फाट्यावर माणगावकडे न वळता सुतारवाडीमार्गे कोलाड धरायचं. पुढे रोहा, चणेरा आणि साळाव. साळावचा पूल ओलांडला की रेवदंडा. दुसरा रस्ता द्रुतगती मार्गाने खोपोली, तिथून पेण, वडखळ, अलिबाग आणि मग दक्षिणेला सतराएक किलोमीटरवर चौल-रेवदंडा.

आमचं मत असं: जाताना पहाटे ताम्हिणी, येताना दुसरा रस्ता. ताम्हिणीत रात्री दिवे नसतात, वळणं आंधळी आहेत आणि पावसाळ्यात धुकं उतरलं की दहा फुटांपलीकडचं दिसत नाही. शिवाय या रस्त्याने गेलं तर एक गोष्ट डोळ्यांनी पाहायला मिळते. मुळशीचं धरण मुळा नदीवर आहे. मुळा खरं म्हणजे पूर्वेला, पुण्याकडे वाहणारी नदी. धरणाचं पाणी मात्र बोगदा आणि नळांतून घाटाखाली भिऱ्याच्या वीजकेंद्रात सोडलं जातं आणि वीज तयार झाल्यावर ते कुंडलिकेत येतं. कोलाडला लोक तराफ्यांतून ज्या फेसाळ पाण्यावर उतरतात, त्यात हेच पाणी असतं. १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह झाला तो याच धरणाविरुद्ध. पुण्याच्या वाट्याचं पाणी डोंगर ओलांडून कुठे पोचतं, ते रेवदंड्याच्या पुलावर उभं राहिलं की समोर दिसतं.

रविवारी परत येताना वडखळला अडकतो. पर्याय काय?

रविवारी संध्याकाळी अलिबाग ते वडखळ या पट्ट्यात मुंबईकडे परतणाऱ्यांची रांग लागते. पेणच्या वाटेने यायचं असेल तर रेवदंडा दुपारी चारच्या आत सोडा. समुद्रावरचा सूर्यास्त पाहायचाच असेल तर पेणचा नाद सोडा: रेवदंड्याहून साळाव, रोहा, भिसे खिंडीने नागोठणे, वाकण फाटा, पाली आणि खोपोली, मग द्रुतगती मार्ग. नकाशावर हा वळसा वाटतो, पण रविवारी वेळेत घरी पोचवतो. शनिवारी किंवा मधल्या वारी जाणार असाल तर याची गरज नाही.

एसटीने जमतं का?

जमतं, पण पाहण्याची ठिकाणं कमी करावी लागतात. स्वारगेटहून अलिबागला एसटी सुटते. अलिबाग स्थानकातून रेवदंडा-मुरुडच्या गाड्या आणि वडाप मिळतं. सगळं धरून जाण्यातच पाच-साडेपाच तास जातात, त्यामुळे पहाटेची पहिली गाडी पकडा आणि परतीची शेवटची गाडी अलिबाग आगारात उतरल्या उतरल्या विचारून ठेवा. एसटीने जाणाऱ्यांनी चौल आणि रेवदंड्याचा कोट एवढंच ठरवावं. कोर्लईसाठी रेवदंड्यातून रिक्षा करावी लागते. ती जाऊन-येऊन आणि तिथे थांबण्यासकट आधीच ठरवा, कारण दीपगृहापाशी परतीची रिक्षा मिळत नाही.

भरती-ओहोटीची वेळ का पाहायची आणि कशी काढायची?

या सहलीचं वेळापत्रक घड्याळापेक्षा पाण्यावर बेतायला हवं. रेवदंड्याच्या किल्ल्याची समुद्राकडची तटबंदी वाळूतून चालत पाहायची असते. पूर्ण भरतीला, त्यातही उधाणाला, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीला, पाणी तटाजवळ येतं आणि चालायला जागाच उरत नाही. ‘रेवदंड्याला पाहण्यासारखं काही नाही’ म्हणणारे बरेचदा भर भरतीला आलेले असतात.

कोकणातला जुना हिशेब सोपा आहे. त्या दिवसाची तिथी घ्या आणि तिला पाऊणने गुणा. येईल तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. दशमीला साडेसात. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. भरतीनंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा अंदाज आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. पौर्णिमा-अमावास्येला तर प्रत्यक्ष भरती थोडी उशिराच, बाराच्या आसपास येते. निघण्याच्या आदल्या दिवशी भरतीच्या तक्त्यावर एकदा ताडून पाहा.

एका दिवसाच्या सहलीला चतुर्दशी ते प्रतिपदा हे दिवस सगळ्यात सोयीचे. दुपारी पाणी भरलेलं असतं, तेव्हा तुम्ही जेवत असता किंवा चौलच्या देवळांत असता. संध्याकाळी पाच-सहाला ओहोटी असते आणि उधाणाचे दिवस असल्यामुळे पाणी खूप आत जातं. तटाखाली लांबच लांब ओली वाळू मोकळी होते. अष्टमीच्या आसपास उलटं. ओहोटी दुपारी बाराला आणि संध्याकाळी भरती. पण ते भांगाचं पाणी असतं, फार चढत नाही, त्यामुळे वाळूची पट्टी थोडीफार राहते. अशा दिवशी रेवदंड्याचा किनारा आधी आणि चौल नंतर ठेवा.

दिवसाची आखणी कशी करावी?

पुणे पहाटे पाचला सोडायचं. सव्वानऊ-साडेनऊपर्यंत साळाव. पूल न ओलांडता डावीकडे मुरुड रस्त्याने आधी कोर्लई गाठायचं, कारण किल्ल्यावर सावली नाही आणि अकरानंतर दगड तापतात. बारापर्यंत खाली उतरायचं, पूल ओलांडून रेवदंड्यात जेवायचं. दोन ते चार चौल. चार ते सहा रेवदंड्याचा कोट, त्यातला सातखणी मनोरा आणि किनारा. सहाला परत, रात्री दहा-साडेदहाला घर.

यात काशिद, मुरुड-जंजिरा किंवा अलिबागचा कुलाबा किल्ला घालू नका. जंजिऱ्याला राजापुरीहून होडीने जावं लागतं, रांग असते आणि तो एकटाच अर्धा दिवस घेतो. कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं, पण पाण्याची वेळ जुळवायला दुसरा दिवस लागतो. मुक्काम असेल तर जरूर करा.

कोर्लईचा किल्ला किती कठीण आहे?

डोंगर शंभर मीटरही उंच नाही. दीपगृहापर्यंत गाडी जाते, तिथून पायऱ्यांनी तटापर्यंत पंधरा-वीस मिनिटं. किल्ला अरुंद आणि लांबट आहे. डोंगराच्या कण्यावर आठशे मीटरच्या वर पसरला आहे आणि आडव्या भिंतींनी त्याचे भाग पाडले आहेत. एक भाग पडला तरी शत्रूला पुढच्या भिंतीपाशी पुन्हा लढावं लागेल, अशी ती रचना. त्यामुळे चालताना एकामागून एक दरवाजे लागतात. वर पडकं चर्च, त्याच्या जवळच पाण्याचं टाकं, महादेवाचं छोटं मंदिर, तोफा आणि पोर्तुगीज लेख आहेत. सगळं नीट पाहायला दीड तास.

उत्तर टोकाच्या बुरुजावर जाऊन दहा मिनिटं नुसतं उभं राहा. डाव्या हाताला समुद्र, उजवीकडे खाडी आणि समोर रेवदंड्याची माडांची रांग. ओहोटी लागलेली असेल तर खाडीचं गढूळ पाणी समुद्राच्या हिरव्या पाण्यात शिरताना दोन रंगांची रेघ दिसते. इथे किल्ला का बांधला, हे त्या जागी वेगळं सांगावं लागत नाही.

काय चुकतं ते सांगतो. एक, पाणी. वरचं टाकं पिण्यासारखं नाही, माणशी दोन लिटर खालून न्या. दोन, पावसाळ्यात पायऱ्या आणि फरसबंदीवर शेवाळ धरतं. जून ते सप्टेंबर वर जाऊ नका आणि ऑक्टोबरात गुडघाभर गवत असतं, तेव्हा बूट आणि पूर्ण लांबीची विजार हवी. तीन, गाडी. दीपगृहाकडे जाणारी वाट कोळीवाड्यातून आणि मग समुद्राच्या कडेने जाते. ती इतकी अरुंद आहे की समोरून टेम्पो आला तर कोणीतरी एक मागे घ्यावाच लागतो. रस्त्याच्या कडेला जाळी आणि मासळी वाळत घातलेली असते, तिच्यावर चाक घालू नका, तो लोकांचा रोजगार आहे. मोठी गाडी किंवा मिनीबस असेल तर ती गावाबाहेर लावून चालत जा.

दीपगृहाच्या आत जायचं असेल तर पाहण्याची वेळ फाटकावर विचारा. सकाळी बहुधा बंद असतं.

कोर्लईत पोर्तुगीज बोलतात, हे खरं?

पोर्तुगीज नव्हे, पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिसळणीतून तयार झालेली स्वतंत्र बोली. गावातले ख्रिस्ती लोक तिला ‘नौ लिंग’ म्हणतात, म्हणजे ‘आपली भाषा’. शब्द बरेचसे पोर्तुगीज मुळाचे, पण वाक्याची ठेवण मराठीची: क्रियापद शेवटी येतं. बोलणारे हजाराच्या आतबाहेर. पोर्तुगीज १७४० साली इथून गेले, तरी ही बोली घराघरात राहिली. ती ऐकण्यासाठी कुणाच्या दारात जाऊन ‘बोलून दाखवा’ म्हणू नये. घरगुती खानावळीत जेवलात किंवा दुकानात थांबलात तर आपोआप कानावर पडते.

रेवदंड्याच्या कोटात काय पाहायचं?

हा डोंगरी किल्ला नाही, तटाने वेढलेलं गाव आहे. पोर्तुगीजांनी १५१६ मध्ये इथे वखार घातली, १५२१ मध्ये निजामशहाकडून किल्ल्याची परवानगी मिळवली आणि १५२४ पर्यंत बांधकाम उभं केलं. तटाच्या आत आज घरं आणि नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. दरवाजातून जाताना गाडी थांबवून पायी चाला आणि वर पाहा, राजचिन्हाच्या खुणा दिसतात.

सातखणी मनोरा हे इथलं मुख्य आकर्षण. फ्रान्सिस्कन मठाच्या चर्चचा हा मनोरा. सात मजले होते म्हणून सातखणी, आज चारेक मजलेच उभे आहेत. पायथ्याशी तोफा पडलेल्या आहेत. आत शिरून वर चढायचा प्रयत्न करू नका: जिना नाही, चुना सुटला आहे. मनोऱ्यापासून वाडीच्या कडेने समुद्राकडे वाट जाते. वाड्या खासगी आहेत. कुंपण ओलांडण्याआधी ‘जाऊ का?’ एवढं विचारलं तर कोणी नाही म्हणत नाही, उलट वाट दाखवतात. पोफळीची सुपारी खाली पडलेली दिसली तरी उचलू नका.

तटाच्या समुद्राकडच्या अंगाला वाळू काळसर आहे. ओहोटीला तटाखालून चालत गेलं की भिंतीची जाडी, मुळं शिरून फाकलेले दगड आणि बुरुजांचे कोन नीट दिसतात.

चौलमध्ये काय चुकवू नये?

रामेश्वराचं मंदिर. समोर मोठी पुष्करणी आहे. मंदिरात पर्जन्यकुंड, वायुकुंड आणि अग्निकुंड अशी तीन कुंडं झाकून ठेवलेली आहेत. पाऊस लांबला तर गाव ठरवून पर्जन्यकुंड उघडतं, अशी परंपरा आहे. एरवी ती उघडून दाखवत नाहीत, पुजाऱ्यांना आग्रह करू नका. वृद्ध मंडळींसाठी हे सगळ्यात सोयीचं ठिकाण, गाडी अगदी जवळ जाते.

भोवाळ्याच्या डोंगरावर दत्तमंदिर आहे, पायऱ्या चढायला अर्धा तास धरा. मार्गशीर्षात दत्तजयंतीपासून पाच दिवस जत्रा भरते, तेव्हा चौलचा रस्ता गाडीसाठी विसरा. हिंगुळजा देवीच्या डोंगरात लेणी आहेत. सुलतानी काळातला पडका हमामखाना वाडीत दडला आहे, गावात विचारत जावं लागतं. दोन तासांत रामेश्वर आणि यांतलं एक एवढंच होतं.

इतिहास थोडक्यात सांगाल का? मुलं विचारतात.

तीन गोष्टी सांगा. पहिली, १५०८ सालची लढाई. इजिप्तच्या मामलुकांचं आरमार आणि दीवचा मलिक अयाझ यांनी मिळून पोर्तुगीजांना इथल्या खाडीत गाठलं. पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा त्यात मारला गेला. दुसरी, निजामशाहीशी झगडा: १५७०-७१ मध्ये मुर्तझा निजामशहाने रेवदंड्याला वेढा घातला तो फसला आणि १५९४ मध्ये कोर्लई पोर्तुगीजांनी घेतली. तिसरी, मराठे: १६८३ मध्ये संभाजीराजांनी वेढा घातला, १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई जिंकली आणि त्या धक्क्यानंतर १७४० मध्ये चौल-रेवदंडा आणि कोर्लई मराठ्यांकडे आली.

पुण्याच्या मुलांना अफनासी निकितीनची गोष्ट जास्त आवडते. हा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात, वास्को द गामाच्या कितीतरी आधी, एक घोडा घेऊन चौलला उतरला आणि घाट चढून जुन्नरला गेला. तिथे पावसाळ्यात अडकला. जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला, तो मोठ्या खटपटीने परत मिळाला. रेवदंड्यात एका शाळेच्या आवारात त्याचं स्मारक आहे. शाळा सुरू असेल तर परवानगी घेऊनच आत जा.

जेवण कुठे आणि काय?

घरगुती खानावळीत, आणि सकाळी दहाच्या आत फोन करून. आयत्या वेळी गेलात तर दीड तास थांबावं लागतं, कारण मासे माणसं मोजून आणलेले असतात. मासळीत कोलंबी, बोंबील आणि खाडीतला जिताडा. जिताडा रोज मिळत नाही, मिळाला तर सोडू नका. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा ताज्या समुद्री मासळीची अपेक्षा धरू नका. शाकाहारी मंडळींनी वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी आणि सोलकढी सांगून ठेवावी. उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी सांगा.

जानेवारी-फेब्रुवारीत जात असाल तर पोपटीची चौकशी करा. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर मीठ-ओवा चोळलेल्या वालाच्या शेंगा, हवं तर अंडी किंवा मसाला लावलेलं चिकन, वरून पुन्हा पाला दाबून तोंड बंद. मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा-लाकडं पेटवायची. पाण्याचा थेंब घालत नाहीत, पाल्याच्या ओलाव्यावरच सगळं शिजतं. अर्ध्या-पाऊण तासाने मडक्यावर पाणी शिंपडतात. चर्र करून लगेच उडालं की झालं. भांबुर्डा नसेल तर पोपटीला तो वास येत नाही, म्हणून पाला नसताना ‘पोपटी’ म्हणून देत असतील तर घेऊ नका.

समुद्रात पोहता येतं का?

खाडीच्या मुखाजवळ अजिबात नाही. ओहोटी लागली की खाडीत भरलेलं सगळं पाणी त्या अरुंद तोंडातून समुद्राकडे ओढलं जातं आणि वरून शांत दिसलं तरी खाली ओढ जबर असते. पट्टीचा पोहणाराही किनाऱ्याकडे परत येऊ शकत नाही. खाडीच्या अंगाला चिखलही आहे, पाय गुडघ्यापर्यंत रुततो. किनाऱ्यावर घोट्याइतक्या पाण्यात चाला, तेवढं पुरे. गाडी वाळूवर नेऊ नका: वरून घट्ट दिसणारी वाळू भरती चढायला लागली की चाकाखाली सैल होते, आणि गाडी रुतली की पाण्याआधी ती निघेलच असं नाही.

साळावचा पूल बंद असेल तर?

पूल जुना आहे, दुरुस्तीसाठी किंवा अवजड वाहनांसाठी अधूनमधून निर्बंध येतात. मिनीबस किंवा मोठी बस असेल तर आधी रेवदंड्यात कुणाला तरी फोन करून विचाराच. पूल बंद असेल तर रेवदंडा ते कोर्लई हे समोरासमोरचं अंतर रोह्याला वळसा घालून जावं लागतं आणि त्यात दिवस मोडतो. अशा वेळी एकच काठ निवडा: पेणमार्गे गेलात तर चौल-रेवदंडा, ताम्हिणीमार्गे गेलात तर कोर्लई.

परतीच्या वाटेवर थांबण्यासारखं काही?

अलिबागमार्गे येत असाल तर आक्षी. इथला शिलालेख शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२ असा वाचला गेला आहे आणि त्यामुळे मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत त्याची गणना होते. वर चंद्र-सूर्य आणि खाली झिजलेल्या ओळी. अंधारात अक्षरं दिसत नाहीत, उजेड असतानाच पोचा. तिरप्या उन्हात कोरीव खाचा जास्त ठळक दिसतात.

फेब्रुवारीपासून मेपर्यंत रस्त्याकडेला अलिबागचा पांढरा कांदा वेण्या बांधून विकायला असतो. घेताना वेणी हातात घेऊन देठ दाबून पाहा. देठ ओलसर आणि मऊ लागला तर कांदा नीट वाळलेला नाही, पुण्याला नेईपर्यंत सडायला लागेल. देठ कडक आणि साल कागदासारखी सुटणारी हवी. घरी आल्यावर पिशवीत कोंबू नका, वेणी तशीच वाऱ्याच्या जागी टांगून ठेवा.